निसार नदाफ यांचे वजन पूर्ववत ठेवणेबाबत

शिडी बांबूची. पायऱ्या एकोणीस. भारमर्यादा साठ किलो, चढणाऱ्यासह.

बोकडाचे पाय मंद आचेवर सहा तास उकळायचे. मग त्या रश्शात दोन बोटं बुडवून एकमेकांवर दाबायची. बोटं चिकटली तर हाडही चिकटणार.

धारेचं दूध फेस बसायच्या आत प्यायचं असतं. फेस बसला की ते दूध चहाला.

ज्याअर्थी सदर शिडी साठ किलो भार पेलते, आणि ज्याअर्थी सदर शिडी मोडली, त्याअर्थी शिडीवर साठ किलोपेक्षा अधिक भार होता हे उघड आहे.

पिंजार गल्लीत आजारी माणसाकडे मोकळ्या हातानं कुणी गेल्याची आजवर नोंद नाही.

वरच्या सगळ्या गोष्टी १९७४ सालच्या पावसाळ्यात एका खाटेभोवती जमा झाल्या. खाट निसार शमशुद्दीन नदाफ याची. निसार हा कोल्हापूर पूर्वभाग दिवाबत्ती मंडळाचा हंगामी दीपरक्षक. म्हणजे उचगावच्या बाजूला जिथं शहर संपल्यासारखं वाटतं आणि संपत नाही, तिथल्या शेहेचाळीस खांबांवरचे गेलेले बल्ब काढून नवे बसवणारा माणूस. 'हंगामी' म्हणजे नेमक्या कोणत्या हंगामापुरता, हे मंडळानं अकरा वर्षांत ठरवलं नव्हतं. यंदा ठरणार होतं. एक ऑक्टोबरला हंगामी लोकांची यादी मंडळापुढं जाणार होती आणि यादीत निसारचं नाव पहिलं होतं. त्याच्या खालोखाल दुसरं नाव नव्हतं.

दोन जुलैला, मंगळवारी, सकाळी पावणेअकरा वाजता शिडीची चौदावी पायरी मोडली आणि निसार खाली आला.

मंडळानं तातडीनं दोन गोष्टी केल्या. शिडी दुरुस्तीला पाठवली आणि चौकशी समिती नेमली. निसारला दवाखान्यात आम्ही नेलं. उजव्या पायाची नडगी दोन ठिकाणी मोडली होती. मांडीपर्यंत प्लास्टर घालून डॉक्टरांनी तेरा आठवडे खाट सांगितली.

चौकशी समिती तिघांची होती. तिनं शिडीची मोडलेली पायरी पाहिली, निसारला पाहण्याची आवश्यकता भासली नाही. सेवापुस्तकात निसारचं वजन सत्तावन्न किलो होतं. पिशवी, पक्कड, दोन बल्ब मिळून अडीच. झाले साडेएकोणसाठ. अर्धा किलो कमी पडत होता. समितीनं लेखी प्रश्न पाठवला, "घटनेच्या दिवशी सकाळी आपण काय केले?" निसारनं खरं ते लिहिलं, "दीड भाकरी आणि झुणका खाऊन कामावर गेलो." अहवालात वाक्य आलं: सदर कर्मचाऱ्याने कामावर येण्यापूर्वी अन्नग्रहण केल्याचे कबूल केले आहे.

शिडी निर्दोष सुटली.

आदेश घेऊन मंडळाचे हेडक्लार्क त्र्यंबकराव हेर्लेकर स्वतः आले. त्यांच्या एका हातात आदेश होता आणि दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा.

"नदाफ, हे वाचा आणि सही करा."

निसारनं पडल्या पडल्या वाचलं. रजेवरून परत येताना सदर कर्मचाऱ्याचे वजन सेवापुस्तकातील वजनाइतके अथवा त्याहून कमी असल्यास त्याच्या कायमपणाचा विचार व्हावा. अधिक असल्यास सेवा समाप्त समजावी. वजन प्लास्टर वगळून धरावे.

निसारनं सही केली.

"आता हे खा," त्र्यंबकराव म्हणाले.

"साहेब, आत्ताच तुम्ही सत्तावन्न किलोवर माझी सही घेतली."

"ती हेडक्लार्क म्हणून घेतली. पेढे माणूस म्हणून आणलेत."

"मग मी कुणाचं ऐकू?"

"दोघांचंही ऐका. कार्यालयाला दुखवू नका, आणि माणसाला तर नकोच नको. माझ्यासमोर खा, म्हणजे मला घरी सांगता येईल."

निसारनं दोन पेढे खाल्ले. त्र्यंबकराव समाधानानं उठले, उंबऱ्याशी थांबले, वळून त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि काळजीच्या सुरात म्हणाले, "थोडे भरल्यासारखे दिसताय. जपा."

डॉक्टरांनी एक चिठ्ठी दिली होती. हलका आहार. प्रथिने. तळलेले वर्ज्य. पडल्या पडल्या हातांचे व्यायाम. वजन वाढू देऊ नये, वाढल्यास पायावर भार येईल. चिठ्ठी आजाऱ्याची असली तरी आमच्या गल्लीत ती सगळ्यांनी मिळून वाचायची पद्धत आहे. त्याप्रमाणे निसारच्या कट्ट्यावर वाचन झालं.

"हलका म्हंजे पांढरा रस्सा," तानाबाईंनी निकाल दिला. तानाबाईंच्या हातचा रस्सा खाऊन माणसं घामानं न्हाऊन उठतात, त्यामुळं या विषयात त्यांच्यापुढं कुणी बोलत नाही. "जड असतोय तो तांबडा. तो पुढच्या आठवड्यात आणीन."

"दूध नको म्हणून कुठं लिवलंय?" गणपतरावांनी विचारलं. गणपतराव तालमीचे जुने वस्ताद, दारात तीन म्हशी. "लिवलेलं न्हाय म्हंजे चालतंय. आणि दूध काय खाणं हाय व्हय? पिणं हाय ते!"

प्रथिनं म्हणजे काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या कालिंदीबाई तेवढ्यात तिथून चालल्या होत्या. त्यांना थांबवून विचारलं. त्या म्हणाल्या, "उदाहरणार्थ, अंडी." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निसारच्या खाटेखाली बावन्न अंडी जमली. कालिंदीबाईंनी नंतर अनेकदा सांगितलं, की मी डाळही म्हणणार होते.

सोळाव्या दिवशी निसारला खाटेसकट उचलून गौसभाईंच्या लाकडाच्या वखारीत नेलं आणि काट्यावर ठेवलं. एकूण साडेपंच्याण्णव. खाट एकतीस, प्लास्टर अंदाजे चार. निसार साडेसाठ.

"लाकूड असतं तर म्हटलं असतं ओल धरलीय," गौसभाई म्हणाले.

निसारची बायको फातिमा काट्याकडे बघत उभी होती. घरी आल्यावर तिनं पहिल्यांदा दार लावून घेतलं. संध्याकाळी तानाबाई पातेलं घेऊन आल्या, तेव्हा तिनं दार अर्धंच उघडलं.

"मावशी, नको. डॉक्टरांनी वजन वाढवायचं न्हाय म्हणून सांगितलंय."

"कुठला डॉक्टर?"

"मिरजेचा हाय."

"तरीच! त्याला काय ठावं हाडाचं? बाजूला सर, आत येऊ दे."

"मावशी, नोकरी जाईल त्यांची."

"मटण तुमच्या गौसभाईनं सांगितलेल्या दुकानातलंच हाय की गं."

"तसं न्हाय मावशी. खरंच नको."

तानाबाई परत फिरल्या. भरलेलं पातेलं घेऊन परत जाणारी बाई आमच्या गल्लीनं तोवर पाहिली नव्हती. माणसं दारात येऊन उभी राहिली, जणू अंत्ययात्रा चालली आहे. घरी जाऊन तानाबाईंनी पाठ टेकली ती दोन दिवस उठल्या नाहीत. त्यांना बघायला लोक शिरा घेऊन गेले.

गणपतराव निसारच्या खिडकीशी आले. "लेका, माझ्या म्हशीत काय खोट काढलीस?"

"न्हाय ओ वस्ताद. सत्तावन्नाच्या वर गेलो तर काढून टाकत्यात."

"म्हशीला तोंड कसं दाखवू मी? रोज सकाळी तुझ्या नावाची चरवी काढून ठेवतोय."

गल्लीत असं पसरलं, की निसार खात नाही. म्हणजे तो मनातून खचला. म्हणजे दिसतं त्यापेक्षा दुखणं मोठं आहे. आणि दुखणं मोठं म्हटल्यावर जे आजवर नुसत्या केळ्यांवर भागवत होते तेही डबे घेऊन निघाले. दार लावल्यापासून तीन दिवसांत येणारं अन्न दुप्पट झालं. निसारची आई बिबीजान दारात बसून प्रत्येकाला हात जोडत होती. "आवो, प्वार माझं जगू दे, पण काम बी जगू दे की!" लोकांना फक्त पहिला अर्धा भाग ऐकू यायचा.

इथं कालिंदीबाईंनी लक्ष घातलं. बावन्न अंड्यांचं ओझं त्यांच्या मनावर होतंच. शिवाय शाळेत त्या परीक्षा समिती, स्नेहसंमेलन समिती आणि गळक्या छपराची समिती यांवर होत्या.

"फातिमा, तू 'नको' म्हणतेस तिथं चुकतं," त्या म्हणाल्या. "नको म्हटलं की अपमान होतो. 'नियमात बसत नाही' म्हण. नियमावर कुणी रुसत नाही."

"पण नियम कुठं हाय बाई?"

"करू."

एका रविवारी त्यांनी शाळेच्या कोऱ्या उत्तरपत्रिकांवर अर्जाचा नमुना तयार केला. अर्जदाराचे नाव. पदार्थ. तुपाचे प्रमाण. रुग्णाशी नाते. यापूर्वी पदार्थ नाकारला गेला आहे काय, असल्यास अर्जदाराची समजूत कोणी घातली. खाली नियम होते. पहिले तीन वेळेबद्दल आणि चपलांबद्दल. चौथा असा:

मंजूर झालेला पदार्थ आणणाऱ्याने रुग्णासमक्ष स्वतः खावा. रुग्णाने तो पाहून समाधान व्यक्त करावे. असे समाधान म्हणजेच पदार्थ रुग्णाच्या पोटात गेला असे समजण्यात येईल.

पहिला अर्ज तानाबाईंचा मंजूर झाला. त्या खाटेसमोर पाटावर बसल्या, वाटी भरली आणि रागानंच निसारकडे बघत पहिला भुरका मारला. मग दुसरा. तिसऱ्याला त्यांचा चेहरा सैल झाला.

"मावशी, मीठ बरोबर हाय का?" निसारनं विचारलं.

"जरा कमी हाय."

"मला बी तसंच वाटलं."

तानाबाईंनी डोळ्याला पदर लावला. "पोटभर जेवलास बघ आज," त्या म्हणाल्या आणि पातेलं रिकामं करून ताठ मानेनं घरी गेल्या.

त्या दिवसापासून निसारचं वजन उतरू लागलं, हे प्रथम नमूद केलं पाहिजे. तो चिठ्ठीप्रमाणं अर्धी भाकरी, पालेभाजी, एक अंडं आणि ताक घेई, आणि दोन हातांत दोन वरवंटे धरून सकाळ-संध्याकाळ वर-खाली करी. जुलैच्या अखेरीला गौसभाईंचा काटा साडेअठ्ठावन्न म्हणाला. निसारची योजना यशस्वी झाली. आमची त्याहून जास्त झाली.

कारण आजवर आजाऱ्याकडे डबा नेला की पदार्थ कसा झाला होता हे आपल्याला कळत नसे. आता स्वतः आणायचं, स्वतः खायचं, आणि वर पुण्य. संध्याकाळी सहाला गल्ली निसारकडं लोटू लागली. अर्ज इतके वाढले, की छाननीसाठी अन्नभेट समिती नेमावी लागली. अध्यक्ष गणपतराव. ते दारात खुर्ची टाकून बसत.

"पावणं, अर्ज भरलाय?"

"न्हाय. निसारला बघायला आलोय."

"बघायचं काय त्यात? डब्यात काय हाय ते सांगा."

"थालीपीठ."

"थालीपिठाचा कोटा संपला गुरवारपतूर. गोडात जागा हाय."

इचलकरंजीहून निसारचे मेहुणे मागावरची पाळी बदलून आले, त्यांना रांगेत दीड तास उभं राहावं लागलं. शिरोळहून कुणाचे तरी सासरे काकवीचा डबा घेऊन आले. त्यांनी निसारला कधी पाहिलं नव्हतं. खाटेवर पडलेला तो निसार आणि वरवंटे उचलतोय तो कुणी दुसरा, असं समजून त्यांनी दोघांची चौकशी केली. चटण्यांसाठी वेगळी उपसमिती झाली. अर्ज नामंजूर झालेल्यांना अपिलाची सोय झाली. अपील कालिंदीबाईंकडं चाले आणि निकाल लागेपर्यंत पदार्थ विटू नये म्हणून तो त्या चाखून ठेवत.

त्र्यंबकराव दर शनिवारी तपासणीला येत. कर्मचारी खात तर नाही ना, हे पाहणं त्यांचं काम होतं. ते पाहायचं तर जेवणाच्या वेळीच आलं पाहिजे, आणि जेवणाच्या वेळी आलेल्या माणसाला नियम चार लागू होतो. सप्टेंबरात त्यांनी पट्ट्याला वखारीतल्या खिळ्यानं नवीन भोक पाडून घेतलं.

फातिमा काय करत होती, असं कुणी विचारलं नाही. भांडी घासत होती.

मधल्या काळात शिडी बरी झाली. तीन आठवड्यांत ती नवी पायरी घालून हजर झाली आणि मंडळाच्या आवारात भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्यावर चढायला माणूस नव्हता. मंडळाचा शिपाई अडुसष्ट किलोचा. दुसरा माणूस नेमायचा तर निसार अजून यादीवर. तेव्हा खांबावरचा बल्ब गेला की गेला. जुलैत सात गेले, ऑगस्टमध्ये वीसेक. मिणमिणत्या खांबांखालून, मग नुसत्याच खांबांखालून आम्ही डबे घेऊन येत राहिलो. बॅटऱ्या आणू लागलो. दाराशी चपलांच्या शेजारी बॅटऱ्यांची ओळ लागे आणि जाताना अदलाबदल होई. एकदा गटाराच्या फरशीला ठेचकाळून पांढरा रस्सा सांडला. अन्नभेट समितीनं त्याची गंभीर दखल घेतली आणि नियमावलीत दुरुस्ती केली: अंधार पडल्यावर पातेले दोघांनी धरून आणावे.

गणपतीत मंडपाच्या माळांवर दहा दिवस भागलं.

त्याच सुमारास रोजे आले. आजाऱ्याला माफी असते, बिबीजाननं समजावलं, डॉक्टरांनीही नको म्हटलं. पण निसारच्या मनात वेगळंच होतं. त्याला वाटलं, दिवसभर घरात अन्न शिजणार नाही, वासही येणार नाही, माणसं आपोआप कमी होतील. त्यानं ताकाची वेळ बदलून रोजे धरले. आम्हाला कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. समितीची तातडीची बैठक झाली आणि निसारला मान म्हणून आम्हीही सूर्य मावळेपर्यंत त्याच्या घरी काही खायचं नाही, असं एकमतानं ठरलं. त्यामुळं मावळल्यावर सगळे एकदम आले. निसार खजूर आणि पाण्यावर रोजा सोडी, आणि पुढचे दोन तास समाधान व्यक्त करी. रोजा त्याचा, सोडला आम्ही.

"वस्ताद, तुमचं पोट सुटलं," एकदा निसार गणपतरावांना म्हणाला.

"व्हय. दंडबैठका राहिल्या ना. संध्याकाळ सगळी तुझ्यातच जातिया." गणपतराव खुर्चीतून उठायला लागले. खुर्ची त्यांच्याबरोबर उठली. "तुझ्यासाठी म्हणून करतोय बाबा. एकदा तू कायम झालास की मी मोकळा."

अठ्ठावीस सप्टेंबरला प्लास्टर कापलं. मंडळाच्या मागणीनुसार तेही वजन केलं. सव्वाचार किलो भरलं आणि जुन्या वस्तूंच्या नोंदवहीत चढलं. मग कुबडीवर टेकत निसार काट्यावर उभा राहिला. पंचावन्न किलो साडेसातशे ग्रॅम. गौसभाईंनी दोनदा वाचून दाखवलं. बिबीजाननं काट्याला हात लावून कपाळाला लावला. फातिमा पहिल्यांदाच हसली, आणि मग वखारीतल्या ओंडक्यावर बसून रडली. तानाबाईंनी त्या आनंदात तिथंच डबा उघडला.

एक ऑक्टोबरला मंडळाची सभा झाली. तीन तारखेला निसारला बोलावणं आलं. कुबडी घेऊन तो निघाला, सोबत आमच्यातले दोघे.

"अभिनंदन," त्र्यंबकराव म्हणाले. "मंडळाने आपल्या वजनाची प्रशंसापूर्वक नोंद घेतली आहे. ठराव क्रमांक सहा."

"म्हंजे कायम झालो, साहेब?"

"माणूस कायम करायचा तर आधी पद असावं लागतं. ठराव क्रमांक सात ऐका. ज्याअर्थी शेहेचाळीसपैकी एक्केचाळीस दिवे बंद होते, आणि ज्याअर्थी तेरा आठवड्यांत मंडळाकडे एकही तक्रार आली नाही, त्याअर्थी सदर भागास दिव्यांची आवश्यकता नाही हे उघड आहे. सबब दीपरक्षक हे पद रद्द."

निसार कुबडीवर सावरला. "साहेब, तुम्ही स्वतः बॅटरी घेऊन येत होता की दर शनवारी!"

"मी तिथं पाहुणा म्हणून येत होतो, नदाफ. पाहुण्यानं यजमानाच्या दारातल्या अंधाराबद्दल तक्रार करायची? मला तसं वळण नाही."

"आणि शिडी?"

"शिडी दुरुस्त झालेली आहे. ती कायम आहे."

गल्ली पेटली. गल्ली म्हणजे आम्ही. असा अन्याय आम्ही खपवून घेणार नव्हतो. अन्नभेट समितीचं त्याच संध्याकाळी दिवाबत्ती कृती समितीत रूपांतर झालं, सदस्य तेच, वेळ तीच, फक्त खाणं निषेध म्हणून साधं. दोनशे बारा सह्या झाल्या. सोमवारी दुपारी चार वाजता आम्ही मोर्चानं मंडळावर गेलो.

मंडळाचं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर. जिना अरुंद आणि उभा. घोषणा देत पहिल्या वळणापर्यंत आलो, तिथं घोषणा थांबल्या, कारण एका वेळी एकच करता येत होतं, चढणं किंवा ओरडणं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तानाबाई पायरीवर बसल्या. त्या बसल्यावर वाट उरली नाही. एके काळी हजार बैठका मारणारे गणपतराव कठडा धरून म्हणाले, "जरा दम खाऊ या." खाली रांग थांबली. कुणीतरी शेंगदाणे काढले.

निसार मात्र वर होता. बाजूबाजूनं, कुबडी टेकत, तेरा आठवडे वरवंटे उचललेल्या हातांवर भार घेऊन तो आमच्या सगळ्यांना ओलांडून तिसऱ्या मजल्यावर पोहोचला. सह्यांचा अर्ज त्यानं खिडकीत सरकवला.

"दिव्यांची तक्रार रहिवाशांनी स्वतः द्यावी लागते," खिडकीतला कारकून म्हणाला. "तुम्ही माजी कर्मचारी. रहिवासी कुठं आहेत?"

"जिन्यात हायत."

कारकुनानं वाकून जिन्याकडं पाहिलं. आमच्या श्वासांचा आवाज त्याला ऐकू आला असावा. "जिन्यात रहिवासी धरत नाहीत," तो म्हणाला आणि पाच वाजता खिडकी लावली.

त्या महिन्यात निसार इचलकरंजीला मेहुण्यांच्या शेडमध्ये मागावर उभा राहिला. आठ तासांची पाळी, पाय सुजतो, पण वजन कुणी विचारत नाही. बिबीजान आणि फातिमा त्याच्या मागोमाग गेल्या. जायच्या आदल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी निरोपाचं जेवण केलं. अर्ज नव्हते, नियम नव्हते. निसार मधोमध बसला आणि तानाबाईंनी वाढलेलं सगळं त्यानं मान खाली घालून खाल्लं. तांबडा, पांढरा, पाया, दूध, वर गणपतरावांच्या आग्रहाची आणखी एक चरवी. बरं वाटलं आम्हाला. घरी बॅटरी लावून परतलो.

आम्ही म्हणजे कोण कोण, असा प्रश्न आता विचारण्यात अर्थ नाही. तुम्हीही एखाद्या संध्याकाळी येऊन गेला असाल, जुने अर्ज तपासावे लागतील.

एकोणीस ऑगस्टला, सोमवारी, संध्याकाळी सव्वासातला पिंजार गल्लीतला शेवटचा दिवा गेला, तेव्हा निसारनं खाटेवरून खिडकीबाहेर बघून म्हटलं होतं, "उद्या कुणीतरी मंडळात एवढी चिठ्ठी टाका." त्या वेळी खोलीत आम्ही सतरा जण होतो.